सुट्टीसाठी रात्रीच्या हिशेबाने द्यायच्या घराचे उत्पन्न नेमके कसे आजमावायचे?

नवीओसरी

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघे भावंडे मिळून एक घर घ्यायच्या विचारात आहोत. दोन बेडरूम, पर्यटकांची चांगली वर्दळ असलेला भाग. घर वर्षभराच्या करारावर भाडेकरूला द्यायचे नाही, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने द्यायचे, असा बेत आहे. विक्रेत्याने आम्हाला एक पानाचा तक्ता दिलाय. त्यात एवढेच: रात्रीचा दर गुणिले ३६५ गुणिले ७० टक्के. त्यातून थोडा 'देखभाल खर्च' वजा, आणि खाली ठळक अक्षरांत वार्षिक परतावा. आकडा पाहून दादा खूश आहे. मला मात्र तो तक्ता फारच गुळगुळीत वाटतोय.

हे ७० टक्के येतात कुठून? खर्चात काय काय धरायचे? आणि हे घर एखाद्या साध्या भाडेकरूला देण्यापेक्षा खरोखर जास्त मिळवून देईल की नाही, हे घर घेण्याआधी कसे ओळखायचे? यात कुणी मुरलेले असेल तर कृपया सविस्तर लिहा. गाव, चलन, किंमत मुद्दाम लिहीत नाही. पद्धत समजली तर आकडे आम्ही आमचे घालू.

खतावणी

ताई, तक्ता गुळगुळीत वाटला हे बरोबरच वाटले. 'वर्षाला किती मिळतील' हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा, कारण त्याचे उत्तर कुणीही हवे तसे देऊ शकतो. त्याऐवजी दोन प्रश्न घ्या. एक भरलेली रात्र सगळे जाऊन हातात किती ठेवते? आणि साध्या भाड्याची बरोबरी करायला अशा किती रात्री लागतात? ही दोन उत्तरे मिळाली की परतावा आपोआप निघतो आणि कुणाच्या टक्केवारीवर विसंबावे लागत नाही.

चलन नको म्हणालात, म्हणून रात्रीचा दर १०० धरतो. बाकी सगळे त्याच मापात. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

वर्षाच्या ३६५ रात्रींतून घरच्यांसाठी १५ आणि रंगरंगोटी-दुरुस्तीसाठी १० रात्री काढा. विकायला उरल्या ३४०. यातल्या निम्म्या भरल्या तर १७० रात्री, म्हणजे ढोबळ उत्पन्न १७,०००. आता वजाबाकी. बुकिंगच्या संकेतस्थळाचे कमिशन १५ टक्के धरले तर २,५५०. पाहुणे सरासरी अडीच रात्री राहतात असे धरले तर वर्षाला ६८ मुक्काम. प्रत्येक मुक्कामानंतर सफाई आणि धुलाई ३०, म्हणजे २,०४०. वीज, पाणी, गॅस, साबण, कागद वगैरे दर रात्री ८, म्हणजे १,३६०. दुरुस्ती आणि सामान बदलण्यासाठी उत्पन्नाच्या १० टक्के बाजूला, १,७००. शेवटी पाहुणा येवो न येवो, भरावेच लागतात असे खर्च: मालमत्ता कर, विमा, इंटरनेट, संकुलाची वर्गणी, परवाना. ते वर्षाला २,४०० धरू.

हातात राहिले ६,९५०. सगळे काम तुम्ही स्वतः करत असाल तर. व्यवस्थापकाला उत्पन्नाच्या २० टक्के दिले तर ३,४०० आणखी गेले, उरले ३,५५०. कर्जाचा हप्ता आणि प्राप्तिकर अजून बाकीच आहेत.

आता हेच घर करारावर महिना ५०० ने दिले तर? वर्षाला ६,०००. कर, विमा, वर्गणी मिळून १,२०० आणि दुरुस्तीला ३०० वजा केले तर ४,५०० उरतात. म्हणजे व्यवस्थापक ठेवला तर अर्धे भरलेले सुट्टीचे घर साध्या भाड्यापेक्षा *कमी* देते. स्वतः राबलात तर २,४५० जास्त देते. ते २,४५० भागिले ६८ मुक्काम केलेत तर प्रत्येक पाहुणेबदलामागे तुमच्या वाट्याला ३६ येतात, आणि सफाईवालीला तुम्ही ३० देताय. त्या ३६ मध्ये चौकश्यांना उत्तरे देणे, किल्ली, रात्रीचे फोन आणि सगळी जोखीम आली. ही तुलना विक्रेत्याच्या तक्त्यात कधीच नसते.

नवीओसरी

बाप रे. हे असे मांडलेले पहिल्यांदाच पाहतेय. दादाला धागा पाठवला आहे.

त्याचा एक प्रश्न: निम्मेच का धरायचे? ७० टक्के भरले तर चित्र पालटेल ना?

खतावणी

पालटेल, जरूर. म्हणून तर रात्री मोजायच्या. वरच्या उदाहरणात १०० च्या रात्रीतून कमिशनचे १५, वापराचे ८, राखीव १० आणि सफाईचे १२ (३० भागिले अडीच) गेले, की ५५ हातात राहतात. व्यवस्थापक असेल तर ३५. आधी स्थिर खर्चाचे २,४०० भरून काढायचे, मग साध्या भाड्याचे ४,५०० गाठायचे. एकूण ६,९००.

स्वतः सांभाळलेत तर ६,९०० भागिले ५५, म्हणजे सुमारे १२६ रात्री. व्यवस्थापकासह ६,९०० भागिले ३५, सुमारे १९७ रात्री. ३४० पैकी पहिले ३७ टक्के आणि दुसरे ५८ टक्के. साध्या भाड्याची नुसती बरोबरी इथे होते, फायदा त्यापुढच्या रात्रींवर.

आता बाजाराकडे पाहायचे ते एवढ्यासाठीच, की त्या भागात तसल्या घराच्या १२६ रात्री सहज भरतात का आणि १९७ भरतात का. ७० टक्के खरे की खोटे यावर वाद घालण्यापेक्षा हा प्रश्न बराच सोपा आहे.

विदागार

खतावणी यांची मांडणी उत्तम. मी बाजाराच्या आकड्यांबद्दल लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

आधी ७० टक्क्यांबद्दल. एअरबीएनबी हे अशी घरे बुक करायचे संकेतस्थळ, आणि त्यावरची माहिती तपासणारा इनसाइड एअरबीएनबी नावाचा एक खुला उपक्रम आहे. शहराशहरांतल्या लिस्टिंग्जची (म्हणजे संकेतस्थळावर मांडलेल्या घरांची) माहिती गोळा करून तो भरलेल्या रात्रींचा अंदाज बांधतो. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. साधारण निम्मे पाहुणे रिव्ह्यू लिहितात असे धरायचे, म्हणजे रिव्ह्यूंची दुप्पट तितके मुक्काम. त्याला सरासरी मुक्कामाच्या रात्रींनी गुणायचे. आणि अंदाज हाताबाहेर जाऊ नये म्हणून वरची मर्यादा घालायची, ती ७० टक्क्यांची. म्हणजे ज्या आकड्याच्या वर तिथे कुणाला जाऊ देत नाहीत, तो तुमच्या विक्रेत्याने सरसकट गृहीत धरलाय.

हीच पद्धत तुम्ही घरबसल्या वापरू शकता. हव्या त्या भागातली, तेवढ्याच बेडरूमची, तेवढीच माणसे मावणारी आठ-दहा घरे निवडा. प्रत्येकाचे गेल्या बारा महिन्यांतले रिव्ह्यू मोजा. समजा २० आहेत. मग ४० मुक्काम. सरासरी तीन रात्री धरल्या तर १२० रात्री, म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश. निम्म्याऐवजी दर दहातले सात पाहुणे रिव्ह्यू लिहीत असतील, तर मुक्काम आणखी कमी. दोन्ही टोके काढा आणि मधला पट्टा डोळ्यांसमोर ठेवा. नेमका आकडा यातून मिळत नाही, पण ७० टक्के शक्य आहेत की अशक्य हे तासाभरात कळते.

घरे निवडताना एक पथ्य पाळा. शोधात पहिल्या पानावर दिसतात ती सगळी यशस्वी घरे असतात. शेवटच्या पानांवरची, तीन रिव्ह्यूंवर अडकलेली घरेही मोजा. जी कंटाळून बंद झाली ती तर दिसतच नाहीत. आणि सरासरीपेक्षा मध्य पाहा. चढत्या क्रमाने लावलेल्या घरांतले मधले घर. पोहण्याच्या तलावाचे एखादे आलिशान घर दहा घरांची सरासरी कुठल्या कुठे नेते.

विदागार

(पुढे चालू)

कॅलेंडर पाहून अंदाज बांधणार असाल तर दोन सापळे आहेत.

पहिला: 'उपलब्ध नाही' म्हणजे 'विकलेली' नव्हे. मालक स्वतः येणार म्हणून, दुरुस्ती आहे म्हणून किंवा ते घर दुसऱ्या संकेतस्थळावर गेले म्हणूनही तारीख बंद दिसते. पैसे घेऊन आकडे विकणाऱ्या कंपन्या बंद आणि विकलेल्या तारखा वेगळ्या काढायचा प्रयत्न करतात, पण तोही शेवटी अंदाजच.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. कॅलेंडरवर तुम्हाला दर दिसतो तो *न विकलेल्या* रात्रींचा. विकलेली रात्र कोणत्या दराने गेली ते बाहेरून दिसत नाही, तिचा दर पडद्याआड जातो. साहजिकच दिसणाऱ्या दरांची सरासरी बहुतेक वेळा खऱ्या सरासरीपेक्षा वरची असते, कारण जे दर पाहुण्यांना परवडले नाहीत तेच समोर उरलेले असतात. म्हणून एकाच तारखेचा दर दोन-तीन महिने आधी, पंधरा दिवस आधी आणि आदल्या दिवशी असा तीनदा पाहा. शेवटच्या आठवड्यात दर किती घसरतो यावरून त्या बाजाराची तब्येत कळते.

आणि एक साधी आकडेमोड. वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री १०४. त्या सगळ्याच्या सगळ्या भरल्या तरी वर्षाचे २८.५ टक्केच होतात. ७० टक्के म्हणजे जवळजवळ २५६ रात्री. उरलेल्या १५२ रात्री आठवड्याच्या मधल्या २६१ रात्रींतून यायला हव्यात. तर प्रश्न असा: तुमच्या भागात मंगळवारी कोण येऊन राहते? कामानिमित्त येणारे, रुग्णालयात कुणाला घेऊन येणारे, परीक्षा-परिषदांना येणारे, घरबदलाच्या मधल्या काळात राहणारे? मंगळवारचा पाहुणा डोळ्यांसमोर येत नसेल तर ७० टक्के विसरा.

किल्लीवाली

मी अशी दोन घरे सांभाळते, माझे एक आणि एका परिचितांचे. खर्चाच्या बाजूबद्दल लिहिते, कारण ती कागदावर नेहमी कमी दिसते.

खतावणींनी सफाईला स्वतंत्र रकाना दिला हे फार बरे केले. पुष्कळ लोक ती टक्क्यांत घालतात. सफाई रात्रींवर ठरत नाही, मुक्कामांवर ठरते. एका रात्रीचा पाहुणा आणि सात रात्रींचा पाहुणा, दोघेही गेल्यावर सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल निघतात, न्हाणीघर तितकेच घासावे लागते. त्यामुळे दोन घरांच्या भरलेल्या रात्री सारख्या असल्या तरी हातात उरणारी रक्कम खूप वेगळी असू शकते. पूर्वी समुद्रकाठच्या आणि बर्फाळ डोंगरातल्या सुट्टीच्या घरांत शनिवार ते शनिवार असे आठवड्याने घर देण्याची रीत युरोप-अमेरिकेत रूढ होती, अजूनही काही ठिकाणी आहे. त्यामागे हेच गणित: आठवड्याला एकच सफाई.

कपड्यांचे तीन संच लागतातच. एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. दोन संचांवर चालवायला गेलात तर सकाळी पाहुणा गेला आणि दुपारी दुसरा आला, त्यात पाऊस, की ओल्या चादरींकडे बघत बसायची वेळ येते. गाद्या, उशा, टॉवेल घरच्या वापरापेक्षा फार लवकर जातात. तवे-कढया तर विचारू नका. १० टक्के राखीव ठेवायचे ते यासाठीच, आणि पहिल्या वर्षी काही मोडले नाही म्हणून ते खर्च करून टाकायचे नाहीत.

सुरुवातीला घर सजवायला लागणारा पैसा वेगळा. तो घराच्या किमतीत मिळवा आणि मगच परतावा काढा. विक्रेते हा खर्च नेहमी बाहेर ठेवतात.

दुसरे, मधल्या सुट्ट्या रात्री. किमान दोन रात्रींची अट ठेवली, एक पाहुणा गुरुवारी सकाळी गेला आणि पुढचा शुक्रवारी येणार असेल, तर गुरुवारची रात्र कुणालाच विकता येत नाही. अट काढली तर ती विकली जाईल, पण एका रात्रीसाठी पूर्ण सफाई पडेल. दर आठवड्याला हा पेच असतो. मागणी भरपूर असतानाही घर शंभर टक्के का भरत नाही याचे हे एक मोठे कारण. कोरा चौकोन तिथे राहतोच.

आणि पहिला हंगाम. रिव्ह्यू नसलेल्या घराला पाहुणे बिचकतात. सुरुवातीचे काही महिने दर खाली ठेवावा लागतो आणि तरीही रात्री कमी जातात. पहिल्या वर्षाचा हिशेब वेगळ्या कागदावर करा, त्यात रात्रीही कमी धरा आणि दरही.

नवीओसरी

किल्लीवाली ताई, मनापासून आभार. दराबद्दल विचारायचे होते. दर कमी ठेवून घर जास्त भरावे, की दर चढा ठेवून कमी रात्री चालतील? दादा पहिल्या पक्षाचा आहे.

खतावणी

हे आकड्यांनीच सांगतो. वरच्याच उदाहरणात ढोबळ उत्पन्न १७,००० वरून १८,७०० वर न्यायचे आहे. एक वाट: दर ११०, रात्री त्याच १७०. दुसरी: दर १०० च, रात्री १८७. वरची बेरीज तंतोतंत सारखी. पहिल्या वाटेने हातात राहतात ८,२२५, दुसरीने ७,८८५. जादा रात्र सोबत सफाई आणि वीज घेऊन येते, जादा दर फक्त कमिशन आणि राखीव.

उलट बाजूही पाहा. घर ५० ऐवजी ४० टक्केच भरले तर १३६ रात्री. उत्पन्न २० टक्क्यांनी घटले, पण हातातली रक्कम ६,९५० वरून ५,०८० वर, म्हणजे २७ टक्क्यांनी. व्यवस्थापक असेल तर ३,५५० वरून २,३६०, म्हणजे एक तृतीयांश गेले. स्थिर खर्च तसाच राहतो, म्हणून घसरण नेहमी दिसते त्यापेक्षा मोठी असते.

हॉटेलवाले म्हणूनच दर आणि भरलेल्या रात्री वेगवेगळ्या पाहत नाहीत. दोन्हींचा गुणाकार करून विकायला असलेल्या प्रत्येक रात्रीमागे किती मिळाले ते पाहतात. १०० चा दर आणि ५० टक्के भरलेले घर, किंवा ७१ चा दर आणि ७० टक्के भरलेले घर, दोन्हींचे उत्तर जवळपास ५०. पण दुसऱ्या घरात राबणूक बरीच जास्त.

तरी दादांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रिव्ह्यू जमेपर्यंत, आणि मंदीच्या महिन्यांत, दर उतरवून घर भरणे योग्यच. फक्त तळ ठरवून ठेवा. एखादी रात्र विकून सफाई, वापर आणि कमिशनही निघत नसेल तर त्या रात्री घर रिकामे असलेले बरे.

कलमपोटकलम

इतका चांगला धागा आहे आणि कायद्याबद्दल अजून कुणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते हा मुद्दा सगळ्यांत आधी यायला हवा. आधी परवानगी, मग आकडेमोड. कारण परवानगीच नसेल तर वरची सगळी मेहनत फुकट.

जगभर गेल्या काही वर्षांत नियम झपाट्याने कडक झालेत. लंडनमध्ये संपूर्ण घर वेगळ्या नियोजन परवानगीशिवाय वर्षाला ९० रात्रींपेक्षा जास्त देता येत नाही. ॲमस्टरडॅमने २०१९ मध्ये मर्यादा ३० रात्रींवर आणली. जपानने २०१८ च्या जूनमध्ये लागू केलेल्या कायद्यात १८० दिवस ठेवले. पॅरिसमध्ये स्वतःच्या राहत्या घरासाठी १२० दिवस होते, ते २०२५ पासून ९० झाले.

आता हे खतावणींच्या उदाहरणाला लावून पाहा. साध्या भाड्याची बरोबरी करायला १२६ रात्री लागत होत्या. मर्यादाच ९० ची असेल तर ९० गुणिले ५५ वजा २,४०० म्हणजे २,५५० राहतात. स्वतः राबूनसुद्धा साध्या भाड्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त. रात्रींची मर्यादा घालण्यामागे हाच विचार असतो. मर्यादा इतकी खाली असली की संपूर्ण घर केवळ पाहुण्यांसाठी राखून ठेवणे परवडत नाही.

काही शहरांनी याहून पुढची पावले उचलली. न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून स्थानिक कायदा क्रमांक १८ ची अंमलबजावणी सुरू झाली. ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणी हवी, यजमानाने त्याच घरात हजर असायला हवे आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाने २०२४ च्या जूनमध्ये जाहीर केले की पर्यटकांसाठीच्या सुमारे १०,००० घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचे, नूतनीकरण करायचे नाही. तिथे परवान्यासह मिळते म्हणून चढ्या भावाने घर घेतलेल्या माणसाचा वीस वर्षांचा तक्ता एका घोषणेने चार वर्षांचा झाला.

म्हणून तुमच्या ठिकाणच्या नगर प्रशासनाचे नियम, गृहसंकुलाचे उपनियम आणि कर्जाच्या कराराच्या अटी, तिन्ही स्वतः वाचा. 'इथे सगळेच देतात' हे उत्तर स्वीकारू नका. परवाना घराला असतो की मालकाला, विक्रीनंतर तो नव्या मालकाकडे जातो की नव्याने काढावा लागतो, हे लेखी विचारा. विम्याबद्दलही तेच. पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांमुळे झालेले नुकसान साध्या घरविम्यातून अनेकदा वगळलेले असते. विमा कंपनीला खरा वापर सांगून लेखी होकार घ्या, हप्ता वाढला तरी.

शेजारभिंत

मी अशा एका घराच्या भिंतीपलीकडे राहतो, म्हणून चार ओळी. उत्पन्नाच्या तक्त्यात आम्हाला रकाना नसतो. दर दोन-तीन दिवसांनी जिन्यात नवी माणसे, मध्यरात्री चुकीची बेल, सामानाच्या चाकांचा आवाज. पाहुणे वाईट नसतात, त्यांना घराची सवय नसते इतकेच. आणि दुसरी गोष्ट जास्त सलते. पूर्वी त्या घरात एक कुटुंब राहायचे, भागात आता भाड्याने घर शोधणाऱ्यांना घर मिळत नाही. कलमपोटकलम यांनी सांगितलेले कायदे आकाशातून पडलेले नाहीत, अशाच जिन्यांतून आलेत.

तुम्ही घेणारच असाल तर आधी शेजाऱ्यांना भेटा, तुमचा फोन नंबर द्या आणि रात्री तो उचलेल असा माणूस ठेवा. त्या माणसाचा पगार खर्चात धरा.

किल्लीवाली

शेजारभिंत यांना पूर्ण अनुमोदन. मी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवत नाही, पण नंबर नक्की ठेवते. आवाजाच्या तक्रारीवरून परवाने रद्द झालेले ऐकले आहेत. माणुसकी म्हणूनही हे करायला हवेच.

नवीओसरी

दादा आणि मी काल रात्री बसून आमचे आकडे या साच्यात घातले. दोघांच्याही नोकऱ्या दुसऱ्या गावी, म्हणजे व्यवस्थापक लागणारच. आमच्याकडे बरोबरीची रात्रसंख्या ५५ टक्क्यांच्या पुढे निघतेय. विदागार यांनी सांगितल्याप्रमाणे दहा घरांचे रिव्ह्यू मोजले, तर मधले घर ४० टक्क्यांच्या आसपास दिसते. वरची दोन घरे मात्र ६० च्या पुढे आहेत. दादा म्हणतो आपण त्या दोघांसारखे करू.

कर्जही काढायचे आहे. हप्त्याचा विचार यात कसा करायचा?

खतावणी

हप्त्यासाठी एक भागाकार पुरतो. हातात राहणारी वार्षिक रक्कम भागिले वर्षाचे हप्ते. समजा हप्ते ३,००० आहेत. व्यवस्थापकासह ३,५५० भागिले ३,००० म्हणजे १.१८. दिसायला ठीक. पण घर ४० टक्केच भरले तर २,३६० भागिले ३,००० म्हणजे ०.७९, दर वर्षी ६४० खिशातून. व्यापारी कर्ज देणाऱ्या संस्था सहसा सव्वाच्या आसपास किंवा त्याहून वर मागतात. तुम्हीही स्वतःकडून तेवढे मागा, आणि तेही मध्यम वर्षावर. सर्वांत चांगल्या वर्षावर सव्वा आला तर त्याचा उपयोग नाही.

वर्षाचा एकच आकडा पुरत नाही. बारा रकाने करा. हंगामाच्या ठिकाणी वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग तीन-चार महिन्यांत येतो, हप्ता मात्र बाराही महिने तेवढाच जातो. कोणत्या महिन्यात शिल्लक सगळ्यांत खाली जाते ते पाहा आणि तेवढी रक्कम पहिल्या दिवशी बँकेत असेल तरच पुढे जा.

वरच्या दोन घरांबद्दल: ती का भरतात ते कारण शोधा. पाणी दिसते, स्थानक जवळ आहे, आठ माणसे मावतात, असे काही असेल तर ते तुम्हाला मेहनतीने मिळवता येणार नाही. फोटो, स्वच्छता, चटकन उत्तर, चांगल्या गाद्या हे कारण असेल तर मिळवता येईल. रिव्ह्यूंत पाहुणे वारंवार कशाचे नाव घेतात ते वाचा, उत्तर तिथेच असते.

विदागार

+१. आणि 'ते करतात तर आपण करू' म्हणताना पुरवठाही पाहा. त्या भागात गेल्या वर्षभरात नव्या लिस्टिंग्ज किती वाढल्या? ज्यांचे सगळ्यांत जुने रिव्ह्यू सहा-आठ महिन्यांपूर्वीचे आहेत अशी घरे मोजली की अंदाज येतो. पाहुणे तेवढेच आणि घरे दीडपट झाली, तर आजचे ६० टक्के पुढच्या वर्षी कुणाचेच राहत नाहीत.

कलमपोटकलम

नवीओसरी, विक्रेता आधीपासून हे घर पाहुण्यांना देत होता का? तसे असेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्याच्याकडचे खरे कागद मागा.

नवीओसरी

हो, तीन वर्षे देतोय म्हणतो. पण तक्त्यात फक्त 'अपेक्षित' आकडे आहेत, झालेले नाहीत. कोणते कागद मागू?

कलमपोटकलम

संकेतस्थळाने त्याच्या खात्यात जमा केलेल्या रकमांचा गेल्या चोवीस महिन्यांचा महिनावार अहवाल. स्क्रीनचे फोटो नकोत, डाउनलोड केलेली फाइल हवी, आणि ती बँकेच्या नोंदींशी पडताळून पाहा. त्याच काळाची प्राप्तिकराची विवरणपत्रे. वीज आणि पाण्याची बिले, कारण भरलेले घर बिलांत दिसते. सफाईची बिले असतील तर मुक्कामांची संख्या थेट कळते. शिवाय परवान्याची प्रत आणि संकुलाचे ना-हरकत पत्र. जो माणूस ७० टक्के म्हणतो पण जमा रकमा दाखवत नाही, त्याचे ७० टक्के किमतीत धरू नका. घर साध्या भाड्याच्या हिशेबाने जेवढ्याला परवडते तेवढीच किंमत सांगा.

किल्लीवाली

आणि एक राहिलेच. त्याचे रिव्ह्यू तुम्हाला मिळणार नाहीत. बहुतेक संकेतस्थळांवर लिस्टिंग मालकाच्या खात्याशी बांधलेली असते. घर विकले गेले तरी खाते त्याचेच राहते, तुम्ही शून्यापासून सुरू करता. त्यामुळे 'चालू धंदा' म्हणून तो वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. चादरी, भांडी, फर्निचर यांची यादी करून त्यांची वाजवी किंमत द्या, तेवढेच.

पुढच्या तारखांची बुकिंग आधीच घेतलेली असतील तर त्यांचे काय करणार तेही आत्ताच ठरवा. त्या पाहुण्यांनी पैसे भरलेत, प्रवासाची तिकिटे काढली असतील. ताबा मिळाल्यावर ते दारात उभे राहिले तर त्यांना परत पाठवणे बरे दिसत नाही. ती बुकिंग तुम्ही सांभाळणार असाल तर त्यांची रक्कम व्यवहारातून वजा करून घ्या आणि हे करारात तारखांसह लिहून घ्या.

नवीओसरी

चोवीस महिन्यांचा अहवाल आणि बिले मागणारा ईमेल आत्ता पाठवला, दादानेच लिहिला. पुढच्या बुकिंगची यादीही मागितली आहे. उत्तर आले की इथेच कळवते.